नॉर्वेजियन क्रियापदाचं मूळ रूप आणि त्याआधीचा ‘ओ’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेजियन शिकणाऱ्या मराठी भाषकांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त छळतो तो एक अक्षरी शब्द, ‘ओ’. कुठे लावायचा, कुठे गाळायचा, हे कळेपर्यंत प्रत्येक वाक्य अडखळतं. खालची उत्तरं बूकमोल या लेखनपद्धतीला धरून आहेत. नीनॉश्क या दुसऱ्या लेखनपद्धतीबद्दलचा प्रश्न शेवटी आहे.

इथले नॉर्वेजियन शब्द कसे वाचायचे?

उच्चार ऑस्लोच्या बाजूचा धरला आहे. ‘त’ आणि ‘द’ मराठीसारखेच, दात लावून. शब्दाच्या शेवटचा ‘ए’ अगदी सैल ठेवा. ‘्यॉ’ दिसलं की त्यात ‘य’ म्हणायचा नाही: ओठ गोल करून ‘ए’ म्हणा. या आवाजाला देवनागरीत अक्षर नाही, म्हणून ही खूण. ज्या ‘ओ’बद्दल हे सगळं पान आहे, तो नॉर्वेजियनमध्ये डोक्यावर बारीक गोल असलेल्या एका अक्षराने लिहितात. २९ अक्षरांच्या वर्णमालेत ते सगळ्यात शेवटी येतं. नॉर्वेत ते अधिकृतपणे १९१७ साली आलं. त्याआधी तिथे रोमन वर्णमालेतलं पहिलं अक्षर (इंग्रजीतलं ‘ए’) दोनदा लिहीत. शब्दकोश चाळताना हे अक्षर सुरुवातीला शोधू नका, शेवटच्या पानांवर मिळेल.

इन्फिनिटिव्ह म्हणजे नेमकं कोणतं रूप?

शब्दकोशात सापडतं ते. मराठी शब्दकोशात ‘करणे’, ‘बोलणे’ असं ‘-णे’ लावलेलं रूप असतं, तसं. बहुतेक नॉर्वेजियन क्रियापदांचं मूळ रूप ‘ए’ने संपतं: ‘स्नाके’ (बोलणे), ‘स्पीसे’ (खाणे), ‘लेसे’ (वाचणे), ‘स्क्रीवे’ (लिहिणे). थोडी क्रियापदं एकाच अक्षराची असतात आणि ती कुठल्याही स्वराने संपतात: ‘बू’ (राहणे), ‘गो’ (चालणे, जाणे), ‘सी’ (सांगणे), ‘हा’ (जवळ असणे), ‘ता’ (घेणे). संख्येने ही कमी, पण रोजच्या वापरातली म्हणून लवकर पाठ होतात.

फरक इथे आहे. मराठीत मूळ रूप वाक्यात शिरलं की बदलतं: करू, करायला, करावं, करण्यासाठी, न करता. नॉर्वेजियनमध्ये या सगळ्या जागी एकच रूप बसतं. जे काम मराठीत क्रियापदाचा शेवट करतो, ते नॉर्वेजियनमध्ये क्रियापदाच्या आधीचा शब्द करतो. म्हणून नजर शेवटाकडून काढून आधीच्या शब्दावर नेणं, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

मूळ रूप कळलं की वर्तमानकाळ कसा करायचा?

शेवटी ‘र’ लावायचा. ‘स्नाके’चं ‘स्नाकेर’, ‘बू’चं ‘बूर’. मी, तू, ते, आपण, सगळ्यांना तेच रूप. लिंग-वचनाची भानगड नाही.

अपवाद मोजके आहेत आणि ते पाठच करावे लागतात: ‘वॅरे’ (असणे) चं ‘ॲर’, ‘यॉरे’ (करणे) चं ‘यॉर’, ‘वीते’ (माहीत असणे) चं ‘वेत’, ‘स्प्यॉरे’ (विचारणे) चं ‘स्प्यॉर’, ‘सी’चं ‘सीएर’. शिवाय पुढे येणारी सहायक क्रियापदं.

आज्ञा करताना उलट: शेवटचा ‘ए’ काढून टाका. ‘स्पीस!’ (खा), ‘स्क्रीव!’ (लिही). ‘कॉमे’ लिहिताना दोन ‘एम’ असतात, पण आज्ञार्थी ‘कॉम!’ लिहिताना एकच. नॉर्वेजियन शब्दाच्या शेवटी दोन ‘एम’ लिहीत नाहीत. ‘ओप्ने’ (उघडणे) यासारख्या जोडाक्षरी क्रियापदांचा ‘ए’ काढला की तोंडात अडकतं, म्हणून तिथे ‘ए’ ठेवून ‘ओप्ने!’ म्हटलं तरी बूकमोलमध्ये बरोबर धरतात.

मग ‘ओ’ कधी लावायचा?

आधीचा शब्द काय आहे ते बघा. सहायक क्रियापद असेल तर ‘ओ’ नाही. साधं क्रियापद, विशेषण, नाम किंवा शब्दयोगी अव्यय असेल तर ‘ओ’ लागतो. एकच वाक्य घेऊन बघू. ‘लागे मात’ म्हणजे स्वयंपाक करणे.

‘यॅइ कान लागे मात’: मी स्वयंपाक करू शकतो. ‘ओ’ नाही.
‘यॅइ मो लागे मात’: मला स्वयंपाक करावा लागतो. ‘ओ’ नाही.
‘यॅइ लीकेर ओ लागे मात’: मला स्वयंपाक करायला आवडतं. ‘ओ’ आला.

‘ओ’ गाळणारी सहायक क्रियापदं पाच: ‘कान’ (शकणे, येणे), ‘स्काल’ (ठरलेलं असणे), ‘विल’ (इच्छा असणे), ‘मो’ (लागणे, भाग पडणे), ‘ब्यॉर’ (करायला हवं). त्यांची मूळ रूपं अनुक्रमे ‘कुने’, ‘स्कुले’, ‘विले’, ‘मॉते’ आणि ‘बुर्दे’. गंमत म्हणजे भूतकाळातही रूप हेच राहतं. ‘यॅइ कुने लागे मात’ म्हणजे मला स्वयंपाक करता येत होता, आणि इथेही ‘ओ’ नाहीच.

दोन सहायक क्रियापदं एकामागोमाग आली तर?

चालतं, आणि नोकरीच्या जाहिरातींत तर सर्रास दिसतं. पहिलं वर्तमानकाळात, दुसरं मूळ रूपात, आणि मध्ये कुठेही ‘ओ’ नाही: ‘दू मो कुने स्नाके नॉश्क’, तुम्हाला नॉर्वेजियन बोलता यायला हवं. बऱ्याचदा ‘स्नाके’सुद्धा गाळतात आणि ‘दू मो कुने नॉश्क’ एवढंच लिहितात, कारण ‘कुने’ एकटं ‘भाषा येणे’ या अर्थानेही वापरतात.

मराठीत ‘-ायला’ आलं की नॉर्वेजियनमध्ये ‘ओ’, असा नियम धरू का?

नको. पहिल्या आठवड्यात हा नियम बरोबर वाटतो, आणि मग ‘करायला हवं’ येतं. ‘मला स्वयंपाक करायला आवडतं’ याला ‘ओ’ लागतो, पण ‘मला स्वयंपाक करायला हवा’ याला ‘यॅइ ब्यॉर लागे मात’, ‘ओ’शिवाय. उलट बाजूही फसवी आहे: ‘करू शकतो’ला ‘ओ’ नाही, पण ‘करू लागला’ला आहे, ‘बेयिन्ते ओ लागे मात’. मराठी शेवटावरून नॉर्वेजियन ‘ओ’ ठरत नाही. नवीन क्रियापद वहीत लिहिताना ‘लीकेर ओ’, ‘बेयिनेर ओ’, ‘ग्लेमेर ओ’ (विसरणे), ‘प्लॅइएर ओ’ (नेहमी करत असणे) अशी जोडीच लिहा. ‘कान’ मात्र एकटाच लिहा.

‘ओ’ आणि ‘फॉर ओ’ यांत फरक काय? मी सगळीकडे ‘ओ’ वापरतो.

ही मराठी भाषकांची अगदी खास चूक आहे. ‘मी नॉर्वेत काम करायला आलो’ आणि ‘मला काम करायला आवडतं’, दोन्हीकडे ‘करायला’. नॉर्वेजियनमध्ये पहिल्याला हेतू आहे, म्हणून ‘फॉर ओ’: ‘यॅइ कॉम तिल नॉर्गे फॉर ओ यॉबे’. दुसऱ्याला नुसता ‘ओ’: ‘यॅइ लीकेर ओ यॉबे’. ‘फॉर’ विसरलात तर वाक्य तुटल्यासारखं ऐकू येतं.

यावर मराठीतूनच कसोटी लावता येते. ‘-ायला’च्या जागी ‘-ण्यासाठी’ घालून बघा. ‘काम करण्यासाठी आलो’ जमलं, म्हणजे ‘फॉर ओ’. ‘काम करण्यासाठी आवडतं’ कोणी म्हणणार नाही, म्हणजे नुसता ‘ओ’. ‘भाजी घेण्यासाठी गेलो’ जमतं. ‘दार लावण्यासाठी विसरलो’ जमत नाही. आधीचा शब्द क्रियापद असेल तेव्हा ही कसोटी भरवशाची आहे.

पण ‘वाचण्यासाठी वेळ नाही’ जमतं, तरी ‘फॉर ओ’ चुकीचं का?

कारण इथे आधी क्रियापद नाही, ‘वेळ’ हे नाम आहे. नामांना आणि काही विशेषणांना आपापला ठरलेला शब्द जोडलेला असतो. वेळ, इच्छा, पैशांची ऐपत, तिघांनाही ‘तिल ओ’: ‘यॅइ हार इके ती तिल ओ लागे मात’ (मला स्वयंपाकाला वेळ नाही), ‘लिस्त तिल ओ’ (इच्छा असणे), ‘रो तिल ओ’ (परवडणे). विशेषणांपैकी ‘फ्लिंक तिल ओ’ (एखादी गोष्ट चांगली जमणे), ‘ग्ला इ ओ’ (आवड असणे), ‘रेद फॉर ओ’ (भीती वाटणे), ‘लॅइ आव ओ’ (कंटाळा येणे). सोपं आणि अवघड यांना मात्र काहीच जोड लागत नाही: ‘लेत ओ फॉश्तो’, समजायला सोपं. या जोड्यांमागे तर्क शोधण्यात वेळ घालवू नये. मराठीत आपण ‘भीती’ला ‘ची’ आणि ‘कंटाळा’ला ‘चा’ का लावतो, हे कुठे कोणाला पाठ करावं लागलं होतं? कानावर पडत राहिलं, तसंच इथेही.

‘न बोलता’, ‘बोलून’, ‘जेवल्यावर’ हे कसं म्हणायचं?

इंग्रजी आधी शिकल्यामुळे इथे अनेकजण क्रियापदाला ‘इंग’ जोडायला जातात. नॉर्वेजियनमध्ये शब्दयोगी अव्ययानंतरही ‘ओ’ आणि मूळ रूपच येतं.

‘न बोलता’ला ‘ऊतेन ओ’: ‘हान यिक ऊतेन ओ सी नूए’, तो काही न बोलता गेला. ‘-ण्याऐवजी’ला ‘इ स्तेदे फॉर ओ’. साधन सांगणाऱ्या ‘-ऊन’ला ‘वे ओ’: ‘दू लॅरेर नॉश्क वे ओ स्नाके’, बोलून बोलूनच नॉर्वेजियन येते. पण ‘जेवून झोपलो’ मधला ‘-ऊन’ साधन नाही, तो क्रम आहे. तिथे ‘वे ओ’ लावलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही जेवण्याच्या जोरावर झोपलात.

‘जेवल्यावर’ला ‘एतेर ओ हा स्पीस्त’. यात ‘हा’ महत्त्वाचा. नुसतं ‘एतेर ओ स्पीसे’ असं म्हणत नाहीत, कारण क्रिया पूर्ण झाली आहे हे ‘हा’ आणि त्यापुढचं भूतकालवाचक रूप मिळून सांगतात. आणखी एक काटा: मराठीत ‘मी जेवल्यावर पाऊस आला’ बिनधास्त चालतं, जेवणारा मी आणि येणारा पाऊस. नॉर्वेजियनमध्ये ‘एतेर ओ हा’ तेव्हाच, जेव्हा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असतो. कर्ता बदलला की पूर्ण वाक्य करावं लागतं: ‘एतेर आत यॅइ हादे स्पीस्त, बेयिन्ते दे ओ रॅइने’.

‘जेवण्याआधी’ला काय? इथे मूळ रूप चालतच नाही. ‘फ्यॉर’ (आधी) याला ‘ओ’ जोडत नाहीत. ‘फ्यॉर यॅइ स्पीसेर’, म्हणजे ‘मी जेवतो त्याआधी’, असं सरळ वाक्य करायचं.

‘ओ’ आणि ‘आणि’ या अर्थाचा ‘ऑग’ सारखेच ऐकू येतात. लिहिताना कसं ओळखायचं?

लिहिताना ‘आणि’ला दोन अक्षरं आहेत, पण बोलताना त्याचाही ‘ओ’च होतो. त्यामुळे जन्माने नॉर्वेजियन असलेली माणसंसुद्धा हे दोन शब्द लिहिताना चुकतात, शाळेत यावर आवर्जून सराव करून घेतात. तुम्ही चुकलात तर लाजायचं कारण नाही, पण ओळखण्याची पद्धत पक्की आहे.

वाक्य भूतकाळात टाका. ‘यॅइ प्र्यॉवेर ओ लेसे’ (मी वाचायचा प्रयत्न करतो) याचं ‘यॅइ प्र्यॉव्दे ओ लेसे’ होतं. पहिलं क्रियापद बदललं, ‘लेसे’ जागचं हललं नाही: म्हणजे ‘ओ’. आता ‘यॅइ सितेर ऑग लेसेर’ (मी बसून वाचतोय) घ्या. भूतकाळ ‘यॅइ सात ऑग लेस्ते’. दोन्ही बदलली: म्हणजे ‘ऑग’.

फसगत होते ती ‘मो’ किंवा ‘स्काल’ आधी आल्यावर. ‘यॅइ मो गो ऑग लेगे मॅइ’ (मला जाऊन झोपलं पाहिजे) यात ‘गो’ आणि ‘लेगे’ दोन्ही मूळ रूपात, म्हणून डोळे ‘ओ’ मागतात. सहायक क्रियापद काढून भूतकाळ करा: ‘यॅइ यिक ऑग ला मॅइ’. दोन्ही बदलली, तेव्हा ‘ऑग’. बसणे, उभं राहणे, पडणे, जाणे यांच्याबरोबर ‘-त बसणे’, ‘-त राहणे’ असा अर्थ असला की बहुतेक वेळा ‘ऑग’च निघतो.

एका ठिकाणी दोन्ही बरोबर आहेत. ‘वॅर सो स्निल’ (कृपा करून) यानंतर ‘ओ येल्पे मॅइ’ किंवा ‘ऑग येल्प मॅइ’. पहिल्यात मूळ रूप, दुसऱ्यात आज्ञार्थ. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका.

‘ओ’ लावला काय, न लावला काय, असं कुठे आहे का?

आहे. ‘त्यॉर’ (धजावणे), ‘ऑर्केर’ (त्राण असणे), ‘यिदेर’ (तसदी घेणे), ‘स्लिपेर’ (सुटका होणे) आणि नकारार्थी ‘त्रेंगेर इके’ (गरज नसणे) यांच्यानंतर ‘ओ’ ऐच्छिक आहे. लावलात तर कधीच चुकत नाही, म्हणून शिकताना लावायचीच सवय ठेवा. होकारार्थी ‘त्रेंगेर’ला मात्र ‘ओ’ हवाच.

‘मला करू दे’, ‘त्याला येताना पाहिलं’ यांत ‘ओ’ येतो का?

नाही. ‘ला मॅइ लागे मात’ म्हणजे मला स्वयंपाक करू दे. बघणं-ऐकणं यांनंतरही मूळ रूप नुसतंच: ‘यॅइ सो हाम कॉमे’ (मी त्याला येताना पाहिलं), ‘यॅइ ह्यॉर्ते हेने ले’ (मी तिला हसताना ऐकलं). मराठीतला ‘-ताना’ नॉर्वेजियनमध्ये मूळ रूपातच मावतो. ‘फोर’ हेही याच गटातलं. परवानगी मागताना ‘फोर यॅइ लोने तेलेफूनेन?’ (फोन जरा वापरू का?), आणि झोप येत नसेल तेव्हा ‘यॅइ फोर इके सोवे’.

माझी वाक्यं बरोबर असूनही लोक ‘शब्द उलटे आहेत’ म्हणतात. का?

बहुधा क्रियापद शेवटी जातंय. मराठीत कर्म आधी, क्रियापद नंतर. त्यातून पुण्या-मुंबईत आधी जर्मन शिकलेल्यांची सवय दुप्पट घट्ट असते, कारण जर्मनमध्येही सहायक क्रियापद आलं की मूळ रूप वाक्याच्या शेवटी जातं. नॉर्वेजियन तशी नाही. ‘यॅइ स्काल लॅरे नॉश्क’ असंच म्हणायचं. ‘यॅइ स्काल नॉश्क लॅरे’ नाही. मूळ रूप आधी, त्याचं कर्म लगेच मागे. सहायक क्रियापद आणि मूळ रूप यांच्यामध्ये नकार मात्र बसतो: ‘यॅइ कान इके कॉमे’.

‘इके’ची जागा बदलली तर अर्थ बदलतो का?

बदलतो. ‘यॅइ प्र्यॉवेर इके ओ ले’ म्हणजे मी हसायचा प्रयत्नच करत नाहीये. ‘यॅइ प्र्यॉवेर ओ इके ले’ म्हणजे मी न हसायचा प्रयत्न करतोय. मराठीत ‘न’ क्रियापदाला चिकटतो, तसा इथे ‘इके’ ‘ओ’च्या पुढे सरकतो. जुन्या वळणाच्या लिखाणात ‘इके ओ’ हा क्रमच जास्त दिसेल. आज दोन्ही मान्य आहेत, पण वरच्यासारख्या वाक्यात ‘ओ इके’ने घोटाळा टळतो.

वाक्य ‘ओ’ने सुरू करता येतं का?

येतं. ‘ओ लॅरे नॉश्क तार ती’, नॉर्वेजियन शिकायला वेळ लागतो. व्याकरण बरोबर, पण जरा भारदस्त. बोलताना ‘दे तार ती ओ लॅरे नॉश्क’ असं ‘दे’ने सुरू करून मुद्दा मागे ठेवतात.

‘जाणे’ हे क्रियापद कधीकधी गायबच असतं. चूक आहे का?

चूक नाही, अगदी अस्सल आहे. सहायक क्रियापदानंतर कुठे जायचं ते सांगितलं की ‘जाणे’ गाळतात: ‘यॅइ मो येम’ (मला घरी जायचंय), ‘यॅइ स्काल तिल बॅर्गेन’. तुम्ही मध्ये ‘द्रा’ (जाणे) घातलंत तरी बरोबर, पण न घालणं जास्त सहज वाटतं.

‘सांगायला हवं होतं’ कसं म्हणतात?

‘यॅइ स्कुले हा साक्त दे’. बोलताना मधला ‘हा’ पुष्कळदा गळतो, ‘यॅइ स्कुले साक्त दे’, आणि लिहितानाही ते चालतं.

फॉर्मवर आणि पाट्यांवर मूळ रूपाला शेवटी ‘स’ का असतो?

तो कर्मणी प्रयोग. ‘द्यॉरा मो लुकेस’, दार बंद करावं. ‘शेमाए मो फिलेस ऊत’, फॉर्म भरावा. कोणी करावं ते सांगायचं नसतं तेव्हा सहायक क्रियापद आणि ‘स’वालं मूळ रूप. सरकारी पत्रांत याचा सुकाळ असतो, म्हणून बोलता आलं नाही तरी वाचून कळायला हवं. ‘सीनेस’ (वाटणे), ‘फिनेस’ (अस्तित्वात असणे), ‘त्रीवेस’ (रमणे) यांच्या शेवटचा ‘स’ मात्र कायमचा आहे, तो काढता येत नाही, आणि वर्तमानकाळात त्यांना ‘र’ही लागत नाही.

गावाकडे गेल्यावर ‘ए’च्या जागी ‘आ’ ऐकू येतो, कधी शेवटच गायब असतो. कोणतं खरं?

सगळीच खरी. स्टाव्हांगरकडे मूळ रूप ‘आ’ने संपतं. ट्रॉन्हाइमच्या बाजूला आणि उत्तरेला बूदॉच्या आसपास शेवटचा स्वर गिळतात: ‘ओ कास्त’ (फेकणे). पूर्व नॉर्वेच्या बोलींत दोन गट पडतात, ‘ओ वॅरा’ पण ‘ओ कास्ते’. जुन्या भाषेत जवळजवळ सगळी ‘आ’ने संपत, ज्या क्रियापदांचं मूळ अक्षर ऱ्हस्व होतं त्यांचा ‘आ’ टिकला, दीर्घ असलेल्यांचा झिजून ‘ए’ झाला.

नीनॉश्क लिहिताना ‘ओ वेरे’ किंवा ‘ओ वेरा’, ‘ओ स्क्रीवे’ किंवा ‘ओ स्क्रीवा’, यातलं काहीही निवडता येतं, पण एका मजकुरात एकच. पूर्वेच्या बोलींसारखी मिश्र पद्धतही लेखनात चालते. ‘ओ’ कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे नीनॉश्कमध्येही बूकमोलसारखंच आहे, म्हणून वर सांगितलेली भूतकाळाची कसोटी तिथेही जशीच्या तशी लावा.